दात राखावा की काढावा? : कृमिदंत व चलदंत यांचा व्यवहारोपयोगी विचार

दातदुखीचा रुग्ण पहिल्या दिवशी वैद्याकडे येत नाही. प्रथम घरातील लवंग, मग औषधी दुकानातील वेदनाशामक गोळी, मग कोणीतरी सांगितलेले दंतमंजन, आणि या सर्वांनी भागेनासे झाले म्हणजे आपला दवाखाना. दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत तो पोहोचतो तेव्हा बहुधा कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने उलटलेले असतात. ‘दात राखायचा की काढायचा’ हा निर्णय दंतवैद्य घेतो, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः पुष्कळ वेळा तो निर्णय या मधल्या काळात, कोणीही न घेता, आपोआप होऊन गेलेला असतो. म्हणून दंतोत्पाटन स्वतः न करणाऱ्या वैद्यानेही आणि औषधी दुकानदारानेही या विषयाची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात ६५ मुखरोग सांगितले. त्यांपैकी १५ दंतमूलगत व ८ दंतगत आहेत. परीक्षेसाठी ही संख्या आपण सर्वांनी पाठ केली; परंतु दंतमूलगत आणि दंतगत हा जो विभाग आचार्यांनी केला, त्यातच प्रस्तुत प्रश्नाची किल्ली आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

कृमिदंताच्या चिकित्सेत सुश्रुत दोन मार्ग देतात. दात अचल असेल तर स्वेदन करून विस्रावण, वातघ्न अवपीड, स्नेहगंडूष, लेप व स्निग्ध भोजन. दात चल असेल तर तो काढावा व त्या पोकळ स्थानाचे दहन करावे. येथवर वाचून ‘हलला की काढावा, घट्ट असेल तर राखावा’ असा सोपा नियम पुष्कळांनी मनाशी बांधलेला आढळतो. तो अपुरा आहे. दंतवेष्ट आणि उपकुश या दंतमूलगत व्याधींतही दात हलतो, पू-रक्त येते. तेथे मात्र आचार्य दात काढण्यास सांगत नाहीत. तेथे रक्तविस्रावण, लोध्र, पतंग, यष्टिमधु, लाक्षा यांचे मधासह प्रतिसारण, क्षीरीवृक्षांच्या कषायाचे गंडूष, उपकुशात संशोधन असा हिरडीचा उपचार आहे. म्हणजे ‘दात हलतो का’ एवढे विचारून चालत नाही, ‘कशामुळे हलतो’ हे विचारावे लागते. दंतशर्करा साचून हिरडी सुजली आणि त्यामुळे दात हलू लागला, तर शर्करा काढल्यावर व हिरडी सुधारल्यावर तोच दात पुष्कळ अंशी घट्ट होतो. शर्करा काढताना दंतमुळांना इजा होऊ देऊ नये, असा इशाराही सुश्रुतांनीच दिला आहे. आजची ‘दात साफ करणे’ ही क्रिया याहून वेगळी नाही. ती केल्याने दात ढिले होतात ही लोकांतील समजूत उलटी आहे. शर्करेच्या आधाराने उभा असलेला दात शर्करा निघाल्यावर हलतो असे वाटते, एवढेच.

आता वेदनेकडे वळू. दाताच्या बाहेरचे कठीण दंतवल्क, त्याखालील दंतिन आणि मध्यभागी मृदू दंतमज्जा अशी रचना आपण जाणतो. दंतमज्जेत सिरा व नाड्या मुळाच्या टोकाच्या सूक्ष्म छिद्रातून आत येतात. शरीरात अन्यत्र शोथ झाला तर सूज पसरण्यास जागा असते. येथे चहूबाजूंनी कठीण भिंत आहे. सूज आतल्या आत दाबते, रक्ताभिसरण खुंटते आणि दंतमज्जा मरते. हा प्रवास वेदनेच्या भाषेत नेमका वाचता येतो, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

पहिली पायरी: थंड पाणी, गोड किंवा आंबट लागले की कळ येते, आणि कारण दूर झाले की काही सेकंदांत थांबते. दंतहर्षाचे वर्णन याच्याशी जुळते. या अवस्थेत दंतमज्जा जिवंत व सुधारण्याजोगी असते. कीड काढून दात भरला तर काम झाले. खर्च थोडा, वेळ थोडा.

दुसरी पायरी: कळ सुरू झाली की मिनिटेच्या मिनिटे रेंगाळते, गरम चहाने वाढते, रात्री आडवे झाल्यावर ठणका लागतो आणि कोणत्याही कारणावाचून आपली आपण उठते. कृमिदंताच्या लक्षणांत सुश्रुतांनी ‘अनिमित्तरुज’ हे पद घातले आहे. माझ्या मते निर्णयाच्या दृष्टीने त्या संपूर्ण वर्णनातील हे सर्वांत मोलाचे पद होय. विनाकारण उठणारी वेदना म्हणजे दंतमज्जा आता परत येणार नाही. भरणाने काम भागत नाही, मुळांची नलिका साफ करून भरावी लागते (रूट कॅनाल) किंवा दात काढावा लागतो. या अवस्थेत रुग्णाला नेमका दात दाखवता येत नाही. वरचा की खालचा यातही तो घोटाळतो, कान व कानशील दुखते असे सांगतो. मात्र ही वेदना मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूस जात नाही. उजवीकडे दुखत असेल तर दोषी दात उजवीकडेच शोधावा. पुढे-पुढे थंड पाण्याची गुळणी धरल्याने बरे वाटू लागते. पाण्याची बाटली हातात धरून घोट-घोट तोंडात ठेवणारा रुग्ण दिसला, तर तो याच टप्प्याच्या शेवटी आहे असे समजावे.

तिसरी पायरी सर्वांत फसवी आहे. ठणका एके दिवशी थांबतो. दंतमज्जा मेली, नाडीच उरली नाही, म्हणून वेदना नाही. नेमक्या याच सुमारास जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळते. आपल्या काढ्याला, त्या मंजनाला, रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘दाढेतले किडे’ पाडून दाखवणाऱ्याला किंवा दुकानातील गोळीला. (धुरीनंतर वाटीतील पाण्यात दिसतात ते बियांचे अंश, किडलेल्या दाढेत अळ्या नसतात.) रुग्ण निर्धास्त होतो आणि येथेच दात राखण्याची संधी हातची जाऊ लागते. मुळाच्या टोकाशी पूयोत्पत्ती होते, अस्थी झिजते, वरचा उरलेला भाग चावताना तुकड्या-तुकड्याने मोडतो. मग दाताला दात लागला की दुखते. आता रुग्ण बोट ठेवून दात दाखवतो, कारण वेदना दंतमज्जेची नसून मुळाभोवतीच्या बंधनांची असते. यापुढे एक तर गालावर सूज, नाही तर हिरडीवर पुटकुळी येऊन पू वाहू लागतो. आणि पुटकुळी वाहू लागली की वेदना पुन्हा नाहीशी!

ही पुटकुळी म्हणजे दंतनाडी. सुश्रुतांनी पाच दंतनाड्या दंतमूलगत व्याधींत गणल्या आहेत आणि चिकित्सा स्पष्ट दिली आहे: ज्या दाताशी नाडी आहे तो दात काढावा, शोधन करून क्षाराने किंवा अग्नीने दहन करावे. उपेक्षा केल्यास नाडीची गती हनुवटीच्या अस्थीचा भेद करते, हे कारणही त्यांनी दिले आहे. येथे आजचा वैद्य अडखळतो. ग्रंथ सांगतो काढा, दंतवैद्य सांगतो राखू. विरोध खरोखर आहे काय? आचार्यांचा हेतू अस्थीतील दूष्य मूळ नष्ट करण्याचा होता आणि त्या काळी ते मूळ दातासहितच काढता येत असे. मुळाच्या नलिकेत शिरून सडलेली दंतमज्जा काढणे, नलिका निर्जंतुक करणे व ती टोकापर्यंत बंद करणे आज शक्य आहे. उगमच संपला म्हणजे नाडी स्वतंत्र उपचारावाचून बहुधा एक-दोन आठवड्यांत भरून येते. मग अस्थीही महिन्यांच्या गतीने भरते. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: दोषाचे मूळ दात ठेवून काढता येते का? येत असेल तर राखावा, येत नसेल तर काढावा. मूळ तसेच ठेवून वरून लेप, गंडूष व प्रतिजैविके देत राहणे हा तिसरा मार्ग नव्हे. मृत दंतमज्जेत रक्ताभिसरण नसते. पोटात घेतलेले कोणतेही औषध, आपले असो वा आधुनिक, तेथे पोहोचतच नाही. पूय काही काळ दबतो आणि पुन्हा डोके काढतो.

श्यावदंतकाचेही असेच आहे. मार लागून काळा-निळा पडलेला पुढचा दात ग्रंथात असाध्य आहे. आज दंतमज्जा मेलेला तो दात आतून स्वच्छ करून वर्षानुवर्षे राखता येतो, रंगही पुष्कळ सुधारतो. भंजनक मात्र आजही पुष्कळसा असाध्यच. दाताचा एखादा कोपरा तुटणे वेगळे आणि मुळापर्यंत उभी चीर जाणे वेगळे. उभी चीर गेलेले मूळ कोणत्याही उपायाने सांधत नाही. रूट कॅनाल केलेली पण कॅप न बसवलेली दाढ अशी उभी फाटते, हे आपण रुग्णांना पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. ‘नस काढली, दुखणे गेले, आता कॅपचे पैसे कशाला’ म्हणून अर्ध्यावर सोडलेले उपचार शेवटी दात काढण्यावरच येतात.

दवाखान्यात पाच मिनिटांत काय पाहता येईल? चांगला प्रकाश, मुखदर्पण, दोन धातूच्या बोथट दांड्या आणि बर्फाचा लहानसा खडा एवढे पुरे. बर्फाचा खडा संशयित दाताला व शेजारच्या निरोगी दाताला लावून तुलना करावी. कळ लगेच विरते, रेंगाळते की लागतच नाही, यावरून वरील तीन पायऱ्या उलगडतात. दर्पणाच्या दांडीने दातावर हलकेच ठोकावे. त्यावर दुखणे म्हणजे व्याधी मुळाच्या टोकापर्यंत गेला. चलत्व बोटाने पाहू नये, बोटाचे मांस फसवते. दोन दांड्यांमध्ये दात धरून हलवावा. बाजूला एक मिलिमीटरपर्यंत हलणारा दात बहुधा उपचारसाध्य, त्याहून अधिक हलणारा साशंक. आणि दाबल्यावर आत खाली जाणारा दात प्रायः काढण्यायोग्य. यानंतर एक्स-रे. त्याशिवाय अंतिम निर्णय देण्याचा मोह वैद्याने टाळावा. मुळाभोवती अस्थी किती उरली हे डोळ्यांना दिसत नाही.

राखणे शक्य आहे हे ठरण्यास आणखी एक कसोटी दंतवैद्य लावतात, ती आपणही जाणावी. हिरडीच्या वर निरोगी दाताची साधारण दीड ते दोन मिलिमीटर उंचीची भिंत सभोवार उरली पाहिजे. कॅप त्या भिंतीला धरून बसते. नलिका कितीही सुरेख भरली तरी वर धरायला दातच नसेल तर सर्व व्यर्थ जाते. म्हणून हिरडीच्या खाली मोडलेली दाढ वेदनारहित असली तरी बहुधा काढावी लागते. आणि मोठी कीड असलेली, ठणकणारी, परंतु चारही भिंती शाबूत असलेली दाढ राखता येते. रुग्ण वेदनेच्या मापाने निर्णय मागतो. वेदनेचे माप येथे उपयोगी नाही.

कोणता दात आहे हेही पाहावे. पहिली मोठी दाढ चर्वणाचा कणा असते. ती गेली तर शेजारची दाढ पोकळीकडे कलते, समोरच्या जबड्यातील दाढ खाली किंवा वर सरकते, अन्न अडकू लागते आणि एका दाढेचे दुखणे तीन दाढांचे होते. याउलट आडवी अडकलेली, वारंवार सुजणारी अक्कलदाढ राखण्यात फारसा लाभ नाही. दुधाच्या दाढांविषयी ‘पडणारच आहे, काढून टाका’ असे पालक म्हणतात. दुधाची मागची दाढ दहा-बाराव्या वर्षापर्यंत जागा राखत असते. ती सहाव्या वर्षी काढली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते व येणाऱ्या दाताला जागा उरत नाही.

तोंड किती उघडते, ही बाब आपल्याकडे विशेष महत्त्वाची झाली आहे. गुटखा-सुपारीने तोंडातील त्वचा कठीण होऊन दोन बोटेही आत जात नाहीत, अशा तरुणाच्या मागच्या दाढेत उपकरण जाणार कसे? तेथे राखण्याजोगा दातही काढावा लागतो आणि काढणेही दुष्कर होते.

खर्चाविषयी आपण मोकळेपणाने बोलत नाही. काढण्याचा खर्च शेकड्यांत, राखण्याचा हजारांत, शिवाय दोन-चार फेऱ्या. माझ्याकडे गाळप हंगामात ऊसतोडीची कुटुंबे येतात. टोळी उद्या कोणत्या फडात असेल हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तीन फेऱ्यांचा उपचार सांगून उपयोग नाही. अर्धवट उघडी ठेवलेली दाढ घेऊन तो हंगामभर हिंडणार. अशा वेळी दात स्वच्छपणे काढवून घेणे हाच रुग्णहिताचा निर्णय असतो आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र ज्याला परवडते, जो येऊ शकतो, त्याला ‘काढून टाका, कटकट मिटेल’ असा सल्ला देणे अनुचित आहे.

वरच्या दाताबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ‘वरचा दात काढला की डोळा जातो’ हे वाक्य ऐकले नाही असा वैद्य महाराष्ट्रात विरळा. सुश्रुतांनीही वरचा दात, हलत असला तरी, काढू नये असे सांगितले आहे. रक्त अति गेल्याने आंध्य, अर्दित असे घोर विकार होतात, हे कारण दिले आहे. वाग्भटांनीही वरच्या दाताच्या उत्पाटनाला बहु उपद्रव करणारे म्हटले, शिवाय कृश, दुर्बल, वृद्ध व वातार्त यांचे दात काढू नयेत असे सांगितले. रक्तस्तंभनाची व बधिरीकरणाची साधने तुटपुंजी असताना हा निषेध योग्यच होता. वरच्या मागच्या दाढांची मुळे गालाच्या अस्थीतील पोकळीला भिडलेली असतात. ओढाताणीने तेथे छिद्र पडले तर पाणी नाकातून येते, हा उपद्रव आजही होतो. परंतु डोळ्याची नाडी आणि दाताची नाडी वेगळ्या आहेत. दात काढल्याने दृष्टी जात नाही. ज्या वयात दात पडू लागतात त्याच वयात मोतीबिंदूही होतो, ही गाठ लोकांनी स्वतःच मारलेली आहे.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. वरच्या सुळ्याचा किंवा दाढेचा पूय डोळ्याखाली सूज आणतो. चेहऱ्यावरील सिरांमधून तो संसर्ग कवटीच्या आत जाण्याचा मार्ग आहे. असे क्वचित घडते, पण घडले तर डोळा आणि प्राण दोन्ही धोक्यात येतात. डोळ्याखाली सूज घेऊन आलेले एक वयस्क शेतकरी ‘डोळ्याला भीती आहे’ म्हणून चार महिने वरचा सुळा काढू देत नव्हते. त्यांना मी सांगितले, ‘काका, डोळ्याला भीती दात काढण्याची नाही, हा पू ठेवण्याची आहे.’ दुसऱ्याच दिवशी ते मुलाला घेऊन दंतवैद्याकडे गेले. ग्रंथातील निषेधाचा आधार देऊन अशा रुग्णाची भीती आपणच दृढ करू नये.

काढण्याचे ठरले तरी केव्हा आणि कोणाकडे, यासाठी पूर्ववृत्त घ्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपण होऊन थांबवू नयेत, रुग्णासही थांबवू देऊ नयेत. बहुतेक वेळा त्या चालू ठेवूनच, आवश्यक तपासणी करून दात काढतात. तो निर्णय गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांचा. हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा हृदयाच्या अंतःस्तराचा संसर्ग पूर्वी झाला असेल, तर दंतकर्मापूर्वी प्रतिजैविकाची मात्रा लागते. मधुमेह अनियंत्रित असेल तर जखम भरत नाही हे खरे, पण पूय तसाच ठेवल्याने साखरही आटोक्यात येत नाही. म्हणून ‘साखर उतरू दे, मग बघू’ असे आठवड्यामागून आठवडे म्हणत राहू नये. गर्भिणीस मधले तीन महिने सोयीचे, परंतु सूज-ज्वर असेल तर महिना मोजत बसू नये. आणि एक प्रश्न आपण विचारतच नाही: हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी हाडांवर काम करणारी इंजेक्शने-गोळ्या घेतल्या आहेत का, जबड्यावर किरणोपचार झाले आहेत का? अशा रुग्णात दात काढल्यावर जबड्याचे हाड न भरता उघडे राहून मरण्याचा संभव असतो. तेथे अगदी मोडका दातही शक्यतो मुळाची नलिका भरून जागच्या जागी ठेवतात.

तंबाखू व मिसरी वापरणाऱ्यांतील एकटा हलणारा दात हा वेगळाच विषय आहे. सगळे दात घट्ट, हिरडी बाकी ठीक, आणि एकच दात अलीकडे हलू लागला. त्याभोवती न भरणारा व्रण, फुलकोबीसारखे मांस, स्पर्शाला कठीण कड किंवा ओठाला बधिरता. हा दात हलत नाही, त्याखालचे हाड खाल्ले जात आहे. तो उपटल्यास कर्करोगाला हाडात उतरण्याची वाट मोकळी होते आणि ‘काढलेली जागा भरत नाही’ एवढीच तक्रार महिनाभर चालते. अशा दाताला हात लावू नये, प्रतिसारण-गंडूषात दिवस घालवू नयेत. तुकडा तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच आठवड्यात पाठवावे.

त्याच दिवशी पाठवण्याची लक्षणे अशी: जिभेखाली व हनुवटीखाली दोन्हीकडे कठीण सूज, जीभ वर उचललेली, थुंकी गिळता न येणे, आवाज बदलणे, जबडा न उघडणे, डोळा सुजून बंद होणे. यात श्वासमार्ग बंद पडून मृत्यू येऊ शकतो. लेप लावून उद्या या, असे सांगू नये.

दंतोत्पाटनाच्या अधिकाराविषयी पृच्छा होते म्हणून थोडक्यात. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत शल्याची ३९ व शालाक्याची १९ कर्मे नमूद केली. शालाक्याच्या कर्मांत दात काढणे व रूट कॅनाल यांचा समावेश होता. त्यावर डिसेंबर २०२० मध्ये देशभर निषेध झाला, ती चर्चा येथे नको. नियम पदव्युत्तर शालाक्याच्या प्रशिक्षणाविषयी आहे, एवढे ध्यानी घ्यावे. केवळ पदवीच्या बळावर घट्ट दाढ ओढण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. जामनगरला रूढ असलेली जालंधर बंधाची दंतोत्पाटन पद्धती गुरुमुखातून व हाताखाली शिकूनच येते. चित्रफीत पाहून ती करू नये.

दात काढल्यानंतर रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा आपल्या सवयीचा गंडूष पहिले २४ तास देऊ नये. खळग्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच तेथील नैसर्गिक आवरण होय. जोरात गुळण्या, थुंकणे, नळीने शोषून पिणे, तंबाखू यांनी ती निसटते आणि दोन-चार दिवसांनी हाड उघडे पडून कानापर्यंत कळा येतात. वाग्भटांनी उत्पाटनानंतर स्निग्ध, मधुर व शीत क्रम सांगितला आहे. थंड दूध, मऊ भात व तूप, कापसाचा बोळा दाबून धरणे, एवढे पहिल्या दिवशी पुरे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी किंवा त्रिफळा क्वाथ हलकेच तोंडात फिरवावा. खळग्याचे अग्निकर्म आज करू नये असे माझे मत आहे. दाबाने रक्त थांबते आणि जळलेले हाड उशिरा भरते.

आता औषधी विक्रेत्या बंधूंसाठी. लवंगतेल आपण विकतो, विकावेही. परंतु कापसाच्या बारीक बोळ्यावर एक थेंब, तोही किडीच्या खळग्यातच. हिरडीवर ओतल्यास ती भाजते. वेदनाशामक गोळी हिरडीवर धरून ठेवणारे रुग्ण आहेत. तेथे पांढरा चट्टा पडून त्वचा जळते, गोळी गिळायची असते हे सांगावे लागते. एकच ग्राहक पंधरवड्यात तिसऱ्यांदा दातासाठी गोळी मागत असेल, तर त्याची दंतमज्जा मरत आहे असे समजून त्यास दंतवैद्याचा पत्ता लिहून द्यावा. चिठ्ठीवाचून प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या देऊ नयेत. आणि ‘आपोआप थांबले बघा’ असे तो सांगू लागला, तर त्याला अधिक आग्रहाने पाठवावे.

शेवटी, दुकानदाराच्या हाती असलेला एक उपचार असा आहे की तो वैद्यापेक्षा आणि दंतवैद्यापेक्षाही त्याच्याकडून अधिक वेळा होऊ शकतो. खेळताना पडून मुलाचा कायमचा पुढचा दात मुळासकट निघून येतो आणि घाबरलेले पालक रक्त थांबवायला कापूस मागण्यास आपल्या दुकानात येतात. दात कोठे आहे, हे विचारावे. तो पांढऱ्या भागाकडून धरावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याच्या हलक्या धारेने क्षणभर धुवावा. जमल्यास लगेच त्याच खळग्यात बसवून स्वच्छ रुमालावर दात आवळून धरण्यास सांगावे. न जमल्यास थंड दुधात ठेवून, कोरड्या कागदात नव्हे, तत्काळ दंतवैद्याकडे पाठवावे. पहिल्या अर्ध्या तासात बसवलेला दात टिकण्याची शक्यता चांगली असते. तासभर कोरडा राहिला तर ती फार घटते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खालच्या कायमच्या दाताला त्याने इजा पोहोचते. मूल सहा-सात वर्षांचे असेल आणि पडलेला दात कोणता हे कळत नसेल, तर खळग्यात न बसवता दुधाच्या पेल्यात घालून मुलासोबत पाठवून द्यावा, ओळख दंतवैद्य करतील.